केळीबाग कॉलनीचं नाक

अगं, तू फक्त ऐक. मधेच विचारशील की मग तिने तेव्हाच का नाही सांगितलं, सगळेच विचारतात. तेवढा प्रश्न गिळून ठेव आणि ऐक.

जळगावात मेहरूणच्या बाजूला केळीबाग कॉलनी आहे. बासष्ट घरं. दोन हजार अडतीस सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिथं राहते हर्षदा भारंबे. सकाळी एका दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायचं काम, दुपारी घर. नवरा पंकज नाशिकला नोकरीला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे परत. मुलगी ईरा, नऊ वर्षांची.

पण कॉलनीत हर्षदाचं खरं पद वेगळंच होतं. तिथं एक ग्रुप आहे, 'विचारून घ्या' नावाचा. पंखा पुसायचा दांडा असो, गाडीच्या सीटच्या फटीत बसवायची पट्टी असो, टाकी भरली की ओरडणारा भोंगा असो, घ्यायच्या आधी ग्रुपवर टाकायचं. मग वीस जण वीस सल्ले देतात. कुणी म्हणतं माझ्या भावाकडे आहे, झकास आहे. कुणी म्हणतं हात लावू नका, आठ दिवसांत मोडतं. आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर सगळे गप्प बसून वाट बघतात. कशाची? हर्षदा दोन शब्द लिहीपर्यंत: 'वापरून पाहिलं.'

आणि ती खरंच वापरून बघायची हं! लसूण सोलायचं यंत्र तिने गावठी लसणावर, मोठ्या लसणावर आणि ओलसर लसणावर चालवून बघितलं. गाडीच्या काचेवरचा उन्हाचा पडदा घेतला तर भर मेमध्ये आत थर्मामीटर ठेवून दुपारभर मोजत बसली. एका कढईला तिने 'वापरून पाहिलं, नको' लिहिलं, तर ती कढई केळीबागेत आलीच नाही.

बेंडाळेकाकू म्हणायच्या, "हर्षदा, तू लिहिलंस ना, तर मी आमचे हेसुद्धा बदलून घेईन."

काका पेपरामागून म्हणायचे, "आधी तिला परतीची अट वाचायला सांग."

तर अशा या हर्षदाने आदल्या दिवाळीत ग्रुपवर लिहिलं, 'नाक्या. महिनाभर वापरून पाहिलं.' आणि पंधरा दिवसांत बासष्टच्या बासष्ट घरांत नाक्या आला.

नाक्या म्हणजे काय, तर बत्ताशाएवढी पांढरी वस्तू. एक स्वयंपाकघरात जमिनीजवळ लावायची, एक बाहेरच्या खोलीत आणि एक गाडीत डॅशबोर्डवर. त्याचं खोक्यावरचं नाव काहीतरी इंग्रजी होतं, पण कॉलनीत कोण म्हणणार? तो हुंगतो म्हणून नाक्या. दूध नासायच्या आधी सांगायचा, वायर तापली तर सांगायचा, गाडी चालवणाऱ्याला झोप यायला लागली तर त्याच्या श्वासावरून ओळखायचा आणि कर्कश ओरडायचा. आणि गॅस सुटला तर ओरडायचा तर खराच, वर सिलिंडरवर बसवलेली चावी आपली आपण बंद करायचा.

आता तो हुंगतो कसा, ते दोन मिनिटं समजून घे, कारण सगळी भानगड त्यातच आहे. त्याच्या पोटात अडीचशे बारीक दाणे असतात, वेगवेगळ्या पदार्थांचे. हवा आत गेली की प्रत्येक दाण्यातून जाणारी वीज किंचित कमी-जास्त होते. एकट्या दाण्याला कुठलाच वास ओळखता येत नाही. पण कुठला दाणा किती हलला याची मिळून एक नक्षी तयार होते, ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. कांद्याची रांगोळी वेगळी, रॉकेलची वेगळी. नाक्या रांगोळ्या पाठ करतो.

आणि कुणाकडून पाठ करतो? आपल्याकडून. नवी रांगोळी दिसली की फोनवर विचारतो, हा कसला वास? आपण सांगायचं. चुकून ओरडला तर लाल बटण दाबायचं, 'खोटा इशारा'. एका घरात शिकलेलं सगळ्या कॉलनीतल्या नाक्यांना कळतं, कारण एक घर जे वर्षात शिकवेल ते बासष्ट घरं आठवड्यात शिकवतात. शिवाय ज्याची उत्तरं नेहमी बरोबर निघतात त्याच्या शब्दाला नाक्या जास्त वजन देतो. हर्षदाची उत्तरं कधी चुकलीच नव्हती. तिच्या एका बोटाला वीस घरांचं वजन होतं. तिच्या फोनवर नावापुढे लिहून यायचं, 'जाणकार'.

आता ईराचं ऐक.

ईराला पाचव्या वर्षापासून डायबेटीस. रोज इन्सुलिन. त्यात कधी कधी साखर एकदम खाली जाते. बाकीच्या मुलांना अशा वेळी थरथरतं, घाम फुटतो, भूक लागते, ती स्वतः सांगतात. ईराला काही म्हणजे काहीच कळायचं नाही. सापशिडी खेळता खेळता जीभ जड व्हायची आणि पोर आडवी. दंडावर चिकटवायची साखर मोजणारी पट्टी असते ना, तिचा डिंक तिच्या कातडीला चालायचा नाही. दोन कंपन्यांच्या लावून झाल्या, दोन्ही वेळा टरारून फोड आले. म्हणून मग बोट टोचायचं, दिवसातून दहा वेळा. चार वर्षांत हर्षदाने पोरीला कुणाच्या घरी एकटं पाठवलं नव्हतं.

जानेवारीत एकदा बोट टोचलं, साखर बावन्न निघाली, हवी सत्तरच्या वर, आणि त्याच क्षणी फोनवर नाक्याने विचारलं, हा वास नवीन आहे, कसला? साखर घसरली की श्वासाचा वास बदलतो. आपल्याला येत नाही, काही कुत्र्यांना येतो म्हणतात. हर्षदाने लिहिलं, 'ईरा, साखर कमी.' मग पुढच्या वेळी परत. त्याच्या पुढच्या वेळी परत. चाळीस वेळा पोर खाली गेली, चाळीस वेळा हर्षदाने आधी बोट टोचलं, मग साखर भरवली, मग लिहिलं. आणि एप्रिलच्या सुरुवातीला नाक्या स्वतःच बोलला, "ईरा. साखर द्या." बोट टोचून बघितलं तर अडुसष्ट! फार घसरायच्या आधीच पकडली होती.

आणि एक नाक्या शिकला म्हणजे सगळेच शिकले! कॉलनीतल्या कुठल्याही घरात ईरा असो, तिथला नाक्या बोलायचा आणि हर्षदाच्या फोनवर घराचं नाव यायचं. पोर एकटी खेळायला जायला लागली. हर्षदा चार वर्षांनी पहिल्यांदा दार लावून निवांत न्हायली.

एप्रिलच्या मध्यावर पापड सुरू झाले.

केळीबागेत पापड एकटीने कुणी करत नाही. आज बेंडाळेकाकूंकडे, उद्या झोपेंकडे, परवा आणखी कुणाकडे, दहा-बाराजणी पोळपाट घेऊन जमायच्या. उडदाचं पीठ, पापडखार, मिरं आणि हिंग. हिंग म्हणजे चिमूटभर नाही, वाटीत भिजवलेला. नऊ दिवस सगळ्या कॉलनीला हिंगाचा वास. आणि नऊ दिवस नाक्यांचा आक्रोश, "गॅस! गॅस! गॅस!"

लाटण्यातून उठायचं, पिठाच्या हाताने लाल बटण दाबायचं, बसायचं, की परत "गॅस!" वर सिलिंडर बंद. तेलात टाकलेला पापड अर्धाच फुगायचा. पहिल्याच दिवशी दुपारी बेंडाळेकाकू लाटणं आपटून म्हणाल्या, "हर्षदा, या तुझ्या नाक्याला जरा सांग गं, घरात माणसं राहतात म्हणून!"

हर्षदाने खटपट करून बघितलं. लाल बटण नुसतं न दाबता तीन सेकंद धरून ठेवलं, तर नाक्या विचारायचा, कायमचा खोटा? हो म्हटलं की बराच वेळ गप्प. तिने ग्रुपवर लिहिलं, 'तीन सेकंद धरा, हो म्हणा. वापरून पाहिलं.'

बासष्ट घरांनी धरलं. पाचव्या दिवशी नाक्या क्वचित ओरडायचे, नवव्या दिवशी एकही ओरडला नाही. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस.

मे महिन्यातला एक सोमवार. हर्षदा सकाळी दवाखान्यात निघाली, गाडी सीएनजीची. कोपऱ्यावर वळताना तिला कसलातरी वास आला. सवयीने नाक्याकडे बघितलं. हिरवा. म्हणजे गटाराचा असेल. पुढे वास वाढला. परत बघितलं, हिरवा. आकाशवाणी चौकाच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्याने काच ठोठावली.

"ओ ताई, गॅस लीक होतोय तुमचा! वास येत नाही का?"

आणि ही काय म्हणाली माहितीये? "नाही हो, हिरवा आहे."

"काय हिरवं आहे?" तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला.

तेव्हा कुठे तिचं डोकं ठिकाणावर आलं. तिने गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडून टाकीची चावी बंद केली.  चारी दारं उघडून रस्त्याकडेला उभी राहिली, आणि आत डॅशबोर्डवर नाक्या शांत हिरवा. गॅसने डोळे चुरचुरत होते तिचे, आणि तो हिरवा!

मेकॅनिक बोलावला, गाडी त्याच्या ताब्यात दिली आणि रिक्षाने ती घरी आली. खिडक्या उघडल्या, शेगडीचं बटण न पेटवता दोन सेकंद फिरवलं. वास आला. नाक्या हिरवा. मग बेंडाळेकाकूंकडे गेली, "काकू, जरा वाटीभर साखर द्या ना," म्हणून स्वयंपाकघरात शिरली आणि त्या पाठमोऱ्या असताना तेच केलं. हिरवा.

तिने कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाजावरून विदर्भातली.

"मॅडम, तुमच्या कॉलनीत मागच्या महिन्यात काही विशेष झालं होतं का जी? बासष्ट घरांतून नऊ दिवसांत चार हजारांवर खोटे इशारे आलेत."

"पापड," हर्षदा म्हणाली.

"काय?"

"उडदाचे पापड. हिंग."

 ती मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या यादीत फोडणी होती, उदबत्ती होती, भिंतीचा रंग होता. पापड कुणी घातलेच नाहीत जी."

मग तिने समजावून सांगितलं. गॅसला स्वतःचा वास नसतो. सुटला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम एक गंधकाचा उग्र पदार्थ मिसळतात. हिंगाचा उग्रपणाही गंधकाच्याच पदार्थांचा. दोघांच्या रांगोळ्या सख्ख्या बहिणींसारख्या. प्रत्यक्ष गॅस पकडायचा तर दाणे सतत तापवून ठेवावे लागतात, वीज फार जाते, म्हणून नाक्या वासावरच ओळखतो. आणि त्याला चार हजार वेळा सांगण्यात आलं होतं की हा वास म्हणजे धोका नाही, हा घरचा वास आहे. त्यात वीस घरांच्या वजनाचं एक बोट.

"मग आता त्याला परत शिकवा ना!"

"मॅडम, गॅस ओळखायला परत शिकवायचं म्हणजे घराघरात गॅस सोडावा लागेल. ते कसं जमणार? सगळं पुसायचं, हा एकच रस्ता. खोकं उघडलं तेव्हा होता तसा करायचा. जाणकाराच्या फोनवरून एका बटणात होतं, म्हणजे तुमच्याच."

"सगळं म्हणजे?"

"दिवाळीपासून जे काही शिकला ते सगळं."

हर्षदाने विचारलं, एकच गोष्ट ठेवता नाही येणार? ती म्हणाली, ते एकात एक मुरलंय जी, विरजण लागल्यावर दूध वेगळं काढण्यासारखं आहे. फक्त इतर घरांचं पुसलं तर? तासाभरात शेजारचे नाक्या परत तेच शिकवतात. एखादा जाळ्यातून बाहेर काढला तर? मग तो चालतच नाही.

"परत तेवढंच शिकायला किती लागेल? माझ्या मुलीची साखर..."

त्या मुलीने बघितलं बहुतेक कुठेतरी. "चाळीस नोंदी होत्या जी," ती म्हणाली. "साधारण तेवढ्याच लागतील."

चाळीस वेळा. म्हणजे पोर परत चाळीस वेळा खाली जाणार आणि प्रत्येक वेळी ती कुठे असेल ते कुणाला ठाऊक नसणार.

बघ, आता तुझ्या तोंडावर आलाच ना तो प्रश्न? हो, तिने ग्रुपवर सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. तिने लिहिलंसुद्धा, 'सगळ्यांना विनंती', एवढं लिहिलं आणि बोट थांबलं. कारण सांगितलं की बेंडाळेकाका पहिल्या मिनिटाला विचारणार, मग पुसून टाक ना, अडलंय कुठे? तिने ईरासाठी मागवलेली नव्या डिंकाची साखर मोजायची पट्टी पुण्याहून आठ दिवसांत येणार होती. ती चालली तर प्रश्नच मिटला. आठच दिवस. तिने ते शब्द खोडले.

आणि मग काय झालं तिचं माहितीये? ती रोज घराघरात फिरायला लागली. कुणाकडे लिंबं द्यायला, कुणाकडे डबा परत करायला. आत शिरली की हुंगायची. नळी तपासायची, बटणं बघायची. झोपेंच्या सुनेने तर विचारलंच, "ताई, तुम्हाला सर्दी झालीये का? सारख्या नाक ओढताय."

सगळ्यात जास्त फेऱ्या फालक सरांकडे. फालक सर म्हणजे तीन घरं सोडून राहणारे गणिताचे निवृत्त मास्तर. बायको लेकीकडे अमरावतीला गेलेली, घरात एकटे. मागे एका तापात त्यांना वास येणं जे बंद झालं ते परत सुरू झालंच नाही. म्हणून तर हर्षदाने लिहिल्यावर नाक्या पहिल्यांदा त्यांनीच घेतला होता. हर्षदाच्या हातून बसवून घेतला होता आणि म्हणाले होते, "बेटा, आता माझं नाक तुझ्या भरवशावर." सकाळी ती जायची, "सर, सिलिंडर बघू का?" सर हसायचे, "अगं, तो आहे ना!"

रात्री पंकजचा फोन आला की ती त्याच्याशी भांडायची. "मी उद्या सांगून टाकते, पंकज."

"आठ दिवस काढ गं. कॉलनीत रोज काय गॅस सुटतो का? मागच्या पाच वर्षांत एकदा तरी सुटला?"

"मला माझ्याच गाडीत कळलं नाही!"

"पण तुला कळलं ना शेवटी. हर्षदा, एप्रिलच्या आधीचे दिवस आठव. पोरगी वर्गात पडली होती ते आठव."

 असे चार दिवस गेले.

शुक्रवार. दुपारचे सव्वाचार. ऊन असं की कॉलनीत सगळी दारं-खिडक्या बंद, आत एसी. ईरा फालक सरांकडे गेली होती, अपूर्णांक शिकायला. हर्षदा इस्त्री करत होती आणि फोन वाजला. 'ईरा. साखर कमी. फालक सरांचं घर.'

तिने इस्त्री उभी केली, ग्लुकोजचा डबा उचलला आणि अनवाणीच पळत सुटली. डांबर पायाला चिकटत होतं. असं आधीही झालं होतं, सरांना माहीत होतं काय करायचं, त्यांच्याकडे साखरेचा डबा टेबलावरच असायचा. म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं. ती फाटकात शिरली, ओट्यावर चढली, दार ढकललं.

आणि वास आला.

काय झालं होतं तर, सरांनी बारीक आचेवर दूध ठेवलं होतं. ईराला अपूर्णांक समजावण्यात रमले. दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस सुटत राहिला, वीस मिनिटं असेल. खिडक्या बंद. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. आणि ईरा कुठे? जमिनीवर, सतरंजीवर, वहीवर गाल टेकून. तेवढ्यात नाक्या बोलला होता, "ईरा. साखर द्या." सरांनी लगेच तिच्या तोंडात साखर घातली होती, पाणी पाजलं होतं, आणि मग आणखी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर दिसली विझलेली शेगडी.

हर्षदा दारात उभी. समोर सरांची पाठ. त्यांच्या उजव्या हातात लायटर.

"अरेच्चा, विझली वाटतं," सर स्वतःशीच म्हणत होते. त्यांनी लायटर शेगडीकडे नेला.

"सर, नको!"

ती ओरडली नाही गं, किंचाळली. सर दचकून वळले, अंगठा लायटरवरच. "काय झालं? ईराला दिली मी साखर, शुद्धीवर..."

"सर, अंगठा काढा. खाली ठेवा. हळू. पंख्याला हात लावू नका, कशालाच लावू नका."

"अगं पण..."

"गॅस आहे, सर! घरभर गॅस आहे!"

सरांनी भिंतीकडे बघितलं. नाक्या हिरवा. त्यांनी परत हर्षदाकडे बघितलं. "तो तर..."

"सर, माझं ऐका. त्याचं ऐकू नका."

सरांचा अंगठा सुटला. लायटर त्यांनी अंडं ठेवावं तसा ओट्यावर ठेवला. हर्षदाने चार ढांगांत जाऊन शेगडीचं बटण बंद केलं, मागचं दार उघडलं, ईराला उचललं आणि तिघं बाहेर आली. अंगणात कडुनिंबाखाली. ईराच्या ओठांना साखर लागली होती. "आई, तू चप्पल नाही घातली?" ती म्हणाली, आणि हर्षदा तिला मांडीवर घेऊन मातीतच बसली.

आता बघ, त्या एका घरात काय झालं होतं. त्याच नाक्याने पोरीला वाचवलं. तो बोलला नसता तर हर्षदा आलीच नसती. आणि त्याच नाक्याने पोरीसकट सगळ्यांना मारायची तयारी केली होती, आणि त्याला ते शिकवणारी होती हर्षदा!

ईरा तिच्या मांडीवर झोपली. हर्षदाने सरांना सगळं सांगितलं. पापड, चौक, फोन, चार दिवस. एक शब्द गाळला नाही. सर ऐकत होते, गुडघ्यावर हात ठेवून.  त्यांनी पोरीच्या तोंडाकडे बघितलं.

मग म्हणाले, "पुसू नकोस."

"सर?"

"मला आता कळलंय ना? झालं. मी विजेची शेगडी आणतो, सिलिंडर परत करतो. बाकीच्यांनाही सांग. नाक्याला गॅस कळत नाही, आपापलं नाक वापरा, गॅसचा वेगळा अलार्म बसवा. पोरीचं राहू दे. साधा हिशोब आहे."

हर्षदाने तिथूनच फोनवर बघितलं. साधे अलार्म आता दुकानात मिळेनासे झाले होते, नाक्या आल्यापासून कुणी ठेवतच नव्हतं. मागवले तर पंधरा-वीस दिवस. तिने पंकजला फोन लावला. तो नाशिकहून ओरडत होता, "सर बरोबर सांगतायत! सगळ्यांना सांग, सगळे ऐकतील. तुझं कोण ऐकत नाही? बाई, तू विचारलंस तर एक घर नाही म्हणणार नाही!"

आणि तिथंच ती अडली. कारण हे खरं होतं. तिने घरोघर जाऊन विचारलं असतं, माझ्या ईरासाठी राहू द्याल का, तर बासष्ट घरं हो म्हणाली असती. बेंडाळेकाकू तर रडल्या असत्या. तिच्या तोंडावर कुणाच्याने नाही म्हणवलं असतं? तिचं विचारणं म्हणजे परत तेच, तीन सेकंद धरा, हो म्हणा. आणि चार-आठ दिवस लोकांनी हुंगलं असतं. मग एक दिवस कुणीतरी स्वयंपाकघरात शिरताना वास आला म्हणून भिंतीकडे बघितलं असतं, आणि तिथं हिरवा दिवा असता. तिला स्वतःला सगळं माहीत होतं का त्या सोमवारी गाडीत? नव्हतं. पण नाक होतं ना? नाकात वास होता आणि तिने दिव्यावर विश्वास ठेवला होता.

"पंकज," ती म्हणाली, "हो म्हणतील म्हणूनच विचारता येत नाही."

"हर्षदा, थांब. मी निघतो, चार तासात पोचतो. मी येईपर्यंत काही करू नकोस. ती माझीपण मुलगी आहे!"

चार तास. बासष्ट घरांत संध्याकाळचा स्वयंपाक आता सुरू होणार होता.

"ठेवते," ती म्हणाली.

फोनने तीनदा विचारलं. सगळं विसरायचं? नक्की? शेवटचं विचारतोय, परत मिळणार नाही. सर म्हणाले, "बेटा, एकदा अजून विचार कर," आणि मग स्वतःच दुसरीकडे बघायला लागले.

तिने दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना दुसरा हात ईराच्या कपाळावर होता.

मग ग्रुपवर लिहिलं. सगळं, पापडापासून. शेवटी लिहिलं, 'पुसायच्या आधी मी कुणालाच विचारलं नाही.'

बेंडाळेकाकू तशाच पोलक्यावर टॉवेल टाकून आल्या, तिच्याशेजारी मातीत बसल्या आणि म्हणाल्या, "चार दिवस माझ्या घरात फिरलीस आणि मला सांगितलं नाहीस?" आणि त्याच दमात, "आणि पोरीचं पुसायच्या आधी मला विचारायचं तरी!" दोन्ही रागावणं एकदमच. काका लांब उभे होते. 

नवी पट्टी आली. तिसऱ्या दिवशी फोड. परत बोटं टोचणं सुरू झालं. पंकज शनिवारी येतो, ईराशी खेळतो, हर्षदाशी भाजी काय आणू एवढंच बोलतो. कॉलनीत निम्मी म्हणतात तिने बासष्ट घरं वाचवली, निम्मी म्हणतात आई असून असं करवलं कसं. ईरा आता एकटी कुठे जात नाही. परवा स्वयंपाकघरात साखर घसरली, एकोणपन्नास. भरवून झाल्यावर फोनवर आलं, हा वास नवीन आहे, कसला? हर्षदाने लिहिलं. अकरावी नोंद. अजून एकोणतीस.

आता बोल. सर नको म्हणतायत, नवरा थांब म्हणतोय, मांडीवर ती झोपलीये, आणि बासष्ट घरांत आता कुणीही लायटर उचलेल. तू असतीस तर काय केलं असतंस?